जाळी काढलेलं मशीन

काउंटरवर झाडं कापायची दोन मशीन शेजारी शेजारी मांडून दुकानदार भडाभडा बोलत होता आणि ताईचा राग मिनिटामिनिटाला चढत होता. राग दुकानदारावर नव्हता. बोलणं हा त्याचा धंदाच होता. राग होता धाकट्यावर, म्हणजे तिच्या पाठच्या भावावर. त्याने घोळ घातला नसता तर तिला आज इथे यावंच लागलं नसतं. जुनं मशीन अजून दोन वर्षं सहज चाललं असतं.

झाडं कापायचं काम ताईकडे वडिलांकडून आलं. पडलेली, वाळलेली, कुणाच्या भिंतीवर रेललेली झाडं उतरवायची, ओंडके करायचे, गाडीत भरायचे. टोळी चौघांची. ताई म्होरक्या. धाकटा मशीन चालवणारा. दोर सांभाळायला मामा, जो खरं तर कुणाचाच मामा नव्हता. चौथा गाडीचा ड्रायव्हर. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, बाईला काय झेपतंय हे. ताई त्यांच्याशी वाद घालत बसली नाही, कामाला लागली. आता शहरातली निम्मी आवारं तिलाच फोन करायची. म्हणून तर नावाला डाग लागला की तिचा तोल सुटायचा.

"हे बघा ताई," दुकानदार म्हणाला, "लहान मशीन फांद्यांपुरतं, मोठं जंगलात. तुम्हाला हवं ते मधलं. मधल्यात माझ्याकडे हे दोन. डावीकडचं पन्नास सीसी, नवीन, धुराच्या नियमात बसणारं. सायलेन्सरमध्ये जाळी आहे. उजवीकडचं साठ सीसी, जुनं मॉडेल, शेवटचा नग. जाळी-बिळी भानगड नाही. खुलं मशीन. आवाज असा की गल्ली जागी होते."

ताईने दोन्ही मशीन एकेका हाताने उचलून गुडघ्याजवळ धरून पाहिली. साठवालं पुढे झुकत होतं, दिवसभरात मनगटाचा पिट्ट्या पाडणार. पन्नासवालं हातात नीट बसत होतं. हँडलखाली स्प्रिंग होत्या, म्हणजे संध्याकाळी बोटांना मुंग्याही कमी येणार.

"हे बरं आहे," ती म्हणाली. "पण जाळी."

"त्याचं काय एवढं! जाळीने तापतं फार आणि दम जरा कमी पडतो, हे खरं. पण आपण काढून देऊ की. दहा मिनिटांचं काम. सगळेच काढतात."

"मी माझी काढते," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडी शेखी होती, ती लपली नाही.

टोळीत ह्याला म्हणायचे घसा मोकळा करणं. नवीन मशीन आलं की त्याच संध्याकाळी शेडमध्ये वर्तमानपत्र पसरायचं, सायलेन्सरचे बोल्ट सोडायचे आणि आतली जाळी पक्कडीने ओढून काढायची. काडेपेटीएवढी, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. मग कार्बुरेटरच्या स्क्रूवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या उडवून द्यायच्या आणि पेट्रोल थोडं जास्त पाजायचं, नाहीतर मशीन आतून जळतं. हे सगळं वडिलांनी शिकवलेलं. शेवटी मशीन सुरू करायचं, ते डरकाळी फोडायचं आणि सगळे हसायचे. काढलेली जाळी शेडमधल्या तारेला अडकवायची. तारेवर आता पाच जाळ्या होत्या. पहिल्या दोन वडिलांच्या हातच्या, पुढच्या तीन ताईच्या. नवीन गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की ती त्याला मुद्दाम तारेखालून न्यायची.

पाचव्या जाळीचं मशीन धाकट्याने आठ दिवसांपूर्वी फरशीवर आपटलं होतं.

एका सहा मजली कचेरीच्या आतल्या चौकात भलं मोठं झाड मुळासकट कोसळलं होतं. चारी बाजूंनी भिंती, वर आकाशाचा चौकोन, आत यायला एक बोळ. क्रेन जाणं शक्य नव्हतं, म्हणून आतच तुकडे करून बोळातून बाहेर काढायचे होते. धाकटा आत मशीनवर. मामा आणि ड्रायव्हर ओंडके ढकलगाडीवर टाकून बाहेर नेणार, ताई बाहेर गाडीपाशी मोजून रचून घेणार. तिसऱ्या मजल्यावर मॅनेजरची खोली होती. पहिल्याच दिवशी त्याने निरोप पाठवला, धुराचा त्रास होतो, लवकर आटपा. मग सगळ्या मजल्यांवरच्या चौकाकडच्या खिडक्या बंद करून घेतल्या.

पहिल्या दिवशी दुपारी धाकटा म्हणाला, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी डबा न खाता भिंतीला टेकून बसला आणि ओकला. ताईने ते पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. धाकटा चार वर्षांपूर्वीपर्यंत प्यायचा. मुलगी झाली आणि त्याने सोडली, ती सोडलीच. निदान तसं तो सांगायचा. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तो बुंध्यावर वाकला होता, तिथून सरळ होताना झोकांडी गेली, काहीतरी असंबद्ध बडबडला आणि चालू मशीन त्याच्या हातातून सुटलं. चेनचा ब्रेक लागला म्हणून पाय वाचला. मशीनची खोळ मात्र उभी चिरली.

मामाने आरडाओरडा केला. ताई धावत आत गेली. तोवर मॅनेजर बोळाच्या तोंडाशी उतरून आला होता आणि तिथूनच ओरडत होता, "दारू पिऊन माणसं पाठवता? आमच्या आवारात?" खिडक्यांच्या काचांमागे माणसं जमली होती. धाकटा भिंत धरून उभा होता, चेहरा लालबुंद.

"ताई, आईशपथ, थेंब नाही घेतला," तो म्हणाला. "वास घे. घे वास." आणि त्याने तोंड पुढे केलं.

त्या निलाजरेपणाची तिला इतकी किळस आली की तिने मान फिरवली. सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं आणि म्हणाली, "घरी जा. उद्यापासून येऊ नकोस. वडिलांचं नाव बुडवलंस." तिचंही डोकं तेव्हा ठणकत होतं. तिला वाटलं, संतापाने.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचं पत्र आलं. कामगार नशेत असल्याने काम थांबवण्यात येत आहे. तसलं पत्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायला वेळ लागत नाही, आणि ते गेलंच. धाकट्याने दोन टोळ्यांकडे काम मागितलं. दोन्हीकडे त्याला हसून वाटेला लावलं. त्याच्या बायकोने ताईला फोन करून एवढंच विचारलं, "तुम्ही तरी पाहिलंत का पिताना?" ताईने फोन ठेवून दिला होता.

हे सगळं तिच्या डोक्यात घोळत असताना दुकानाच्या मागच्या खोलीतून मास्तर बाहेर आला. मास्तर म्हणजे दुकानातला म्हातारा मेकॅनिक. चाळीस वर्षं मशीनपाशी काढल्याने त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो साधं बोलला तरी रस्त्यापलीकडे पोचायचं. एका हातात ताईने दुरुस्तीला आणलेलं फुटलेलं मशीन, दुसऱ्या हातात सुटा सायलेन्सर आणि ठिणगीचा प्लग.

"ह्या मशीनचा मालक कोण?" त्याने गर्जना केली.

"मी," ताई म्हणाली.

"ह्याची जाळी कुठाय?"

"काढली. शेडमध्ये आहे, तारेला. खोळ बदलता येईल का तेवढं सांगा."

"खोळ मरू दे!" मास्तरने सायलेन्सर काउंटरवर आपटला. "जाळी काढली ती काढली, वर स्क्रू मोकाट सोडलाय. हा प्लग बघ. काजळीने माखलाय. पेट्रोल नुसतं पाजलंय, जळतंय अर्धंच. असलं मशीन चालवतं कोण? कुठे चालवलंत शेवटचं?"

"एका चौकात. चार भिंतींच्या आत."

"किती वेळ?"

"तीन दिवस."

मास्तरचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजाएवढा झाला. "आणि चालवणारा? आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय," ताई फणकारली. "दारू पिऊन पडला. त्यानेच तर मशीन फोडलं."

"सकाळी कामावर यायचा तेव्हा कसा असायचा?"

"सकाळी चांगला असायचा. शिट्टी वाजवत यायचा. दुपारी सुरू व्हायची थेरं. डोकं दुखतंय, ओकारी येतेय, मग झोकांड्या."

मास्तरने हातातला प्लग तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"बाई, दारूने सकाळी डोकं उठतं. धुराने दुपारी. एवढं साधं कळलं नाही तुला? पेट्रोल अर्धवट जळलं की विषारी वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. चार भिंतींत तो साठतो, माणूस ओढत राहतो आणि डोकं चालेनासं होतं. दारुड्यासारखाच लडखडतो. अजून अर्धा तास तो त्या चौकात राहिला असता तर आज तू मशीन घ्यायला आली नसतीस."

शिट्टी वाजवत यायचा हे ताईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तीन सकाळी तिने ती शिट्टी ऐकली होती आणि तिन्ही दुपारी ती विसरली होती. तिला वडील आठवले. संध्याकाळी कपाळावर ओलं फडकं टाकून आडवे पडायचे, आणि घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा दंडक होता. सगळे म्हणायचे, दमतात बिचारे. आणि मग तिला स्वतःचं त्या दिवशी ठणकणारं डोकं आठवलं. ती तर आत जेमतेम पाच मिनिटं होती.

"जाळी असती तर?" तिने विचारलं.

"जाळी असती तर धूर कमी झाला असता, सगळा गेला नसता," मास्तर पुन्हा मूळ आवाजावर आला. "जाळीवालं मशीनही मी त्या विहिरीत नेलं नसतं. तिथे विजेच्या वायरवर चालणारं न्यायचं, नाहीतर हाताची करवत घेऊन बसायचं. पण तुम्ही काय केलंत? होतं नव्हतं ते संरक्षणही काढलंत, वर विष दुप्पट पाजलंत आणि आत माणूस बसवलात. आणि मग त्यालाच दारुडा म्हणालात!"

दुकानदाराने घाईघाईने मध्ये तोंड घातलं. "जाऊ दे हो मास्तर. ताई, मग हे नवीन देऊ ना? जाळी आत्ताच काढू की तुम्ही घरी—"

"खबरदार!" ताई अशी ओरडली की मास्तरलाही नीट ऐकू आलं. "खबरदार हात लावाल तर. माणसं मारायचा धंदा मांडलाय का तुम्ही इथे? येईल त्याला जाळी काढून देता, वर पेढा दिल्यासारखं तोंड करता?"

"अहो, पण गिऱ्हाईकच मागतं ना," दुकानदार बावरून म्हणाला. "मी काय कुणाच्या गळ्यात मारतो?"

मागणारं गिऱ्हाईक तर ताईच होती. पाच जाळ्यांतल्या तीन तिने ह्याच हातांनी ओढून काढल्या होत्या आणि पाहुण्यांना दाखवल्या होत्या. इतका वेळ भावावर काढलेला सगळा संताप आता घरचा पत्ता शोधत परत आला होता, आणि त्याला दुसरीकडे धाडायची सोय राहिली नव्हती.

तिने पन्नासवालं घेतलं, स्क्रूच्या टोप्यांसकट. मास्तरने बजावलं, हे तापतं, वाळक्या गवतावर टेकवू नका, आणि जाळी आहे म्हणून शेफारू नका. चौकासाठी वायरवालं मशीनही तिने दोन दिवसांच्या बोलीवर मागून घेतलं.

तिथून ती शेडमध्ये गेली, खुंटीवरचं हेल्मेट घेतलं आणि धाकट्याच्या घरी आली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भावजयीने दार उघडलं, बाजूला झाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात घासू लागली. धाकटा खिडकीशी बसून मुलीच्या चपलेचा तुटलेला बंद शिवत होता. आठ दिवसांत वाळला होता.

ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्लग, स्क्रू, जाळी, धूर, मास्तर. मध्ये कुठेही थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. "चूक माझी होती," ती शेवटी म्हणाली. "तू प्यायला नव्हतास."

धाकट्याने दोरा दातांनी तोडला.

"हे मला कशाला सांगतेस?" तो म्हणाला. "मी प्यायलो नव्हतो हे मला माहीतच होतं."

आतली भांडी वाजायची थांबली.

"हेल्मेट घे," ताई म्हणाली.

"इथे नाही घेणार. जिथे काढलंस तिथे दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी त्या कचेरीच्या चौकात उभी राहिली. बुंधा आठ दिवस तसाच पडून होता. मॅनेजर खाली यायला तयार नव्हता. मग ताईने त्याच्या खिडकीकडे तोंड करून हाका मारायला सुरुवात केली, आणि झाडं पाडणाऱ्या बाईच्या हाका काही साध्या नसतात. मजल्यामजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. मॅनेजर धावत खाली आला.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "बरं, झाला असेल गैरसमज. पत्र मागे घेतो. संपवा आता विषय."

"गैरसमज?" ताईचा आवाज चढला. "माझ्या भावाला दोन टोळ्यांनी दारातून हाकललं, तो गैरसमज? तुम्हाला दारूचा वास आला होता का त्याच्या तोंडाला?"

"वास कशाला यायला हवा? चालणं दिसत होतं की मला वरून. खाली आलो तोही बोळापर्यंतच, आत धूर होता."

"आत धूर होता हे तुम्हाला कळत होतं! म्हणून खिडक्या बंद केल्यात. तिसऱ्या मजल्यावर बसून तुम्हाला धूर सोसेना, आणि खाली त्यात उभा असलेला माणूस लडखडला तर तो दारुडा? एवढ्या माणसांपैकी एकाला वाटलं नाही, खाली कुणीतरी आहे म्हणून?"

मॅनेजर बुंध्याकडे पाहू लागला. वरच्या दोन खिडक्या हळूच लागल्या.

"पत्र मागे घेऊन चालायचं नाही," ताई म्हणाली. "दुसरं लिहायचं. तो शुद्धीत होता, धुराने आजारी पडला होता, असं. आणि पहिलं जिथे जिथे गेलं तिथे हे पाठवायचं." मग ती मागे वळली आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि ह्या साहेबांपेक्षा माझं वाईट आहे. हे बोळात होते. मी हातभर अंतरावर होते. तो मला म्हणाला, वास घे, आणि मी मान फिरवली. मशीनची जाळीही मीच काढली होती. तो प्यायला नव्हता. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

मामाने खाली मान घातली. तोही त्या दिवशी काही बोलला नव्हता.

ताईने हेल्मेट पुढे धरलं. धाकट्याने हात पुढे केला नाही.

"आधी वास घे," तो म्हणाला.

"अरे, आता कशाला? सांगितलं ना सगळ्यांना—"

"घे."

तो तिच्यापेक्षा वीतभर उंच. तिला त्याचा खांदा धरून टाचा उचलाव्या लागल्या. त्याने तोंड उघडलं, तसंच, लहानपणी दात दाखवायचा तसं. सहा मजल्यांदेखत ताईने नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि श्वास घेतला.

"चहा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "नुसता चहा."

"त्या दिवशीही चहाच होता," धाकटा म्हणाला. मग त्याने हेल्मेट घेतलं आणि वायरची पिन लावायला जागा शोधू लागला.